मृग लागला, पण दिसला कुठे?

७ जून उजाडला की गावोगाव एकच बातमी तोंडोतोंडी फिरते: ‘मृग लागला.’ बियाण्याच्या पिशव्या ओसरीवर येतात, तिफण दुरुस्त होते, पोरंटोरं बांधावर मखमली लाल मृगकिडे शोधत हिंडतात.

अशा दिवसांत पाचवीतली एखादी मुलगी रात्री अंगणात येऊन आकाशात मृग शोधू लागली, तर तिच्या हाती काही लागत नाही. ढग नसले तरी नाही. पुस्तकातलं चित्र तिला तोंडपाठ असतं: चार पायांचे चार तारे, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण. पण ती रात्रभर जागली तरी मृग दिसत नाही. सकाळी ती आजोबांना विचारते, “आबा, मृग लागला म्हणता, मग तो गेला कुठे?”

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर गमतीचं आहे. मृग लागतो तेव्हा तो दिसत नाही. किंबहुना तो दिसेनासा होणं हीच तो लागल्याची खूण. सूर्य वर्षभरात आकाशातल्या सत्तावीस नक्षत्रांच्या विभागांतून एक फेरी मारतो, म्हणजे प्रत्येक विभागात साधारण साडेतेरा दिवस काढतो. ‘मृग लागला’ याचा अर्थ सूर्य मृगाच्या घरी मुक्कामाला आला. मग मृग सूर्याबरोबरच उगवणार, त्याच्याबरोबरच माथ्यावरून जाणार आणि संध्याकाळी त्याच्या पाठोपाठ मावळणार. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर असताना शेजारून चाललेला सायकलवाला दिसत नाही, तसं मृगाचं होतं.

हे असं सांगून मुलांना पटतं का? अर्धवट. ते दाखवायला हवं, आणि दाखवायचं तर भर दुपारी सूर्याचं तेज बाजूला सारून आकाश काळं करायला हवं. खऱ्या आकाशात ही सोय नाही. शाळेच्या सभागृहात मात्र एका मोटारीच्या डिकीत मावेल एवढ्या सामानात ती होते. त्या सामानाचं नाव फिरतं तारांगण.

नळाखालची गळकी बादली

सामान तीनच: घडी केलेला कापडी घुमट, एक पंखा आणि आकाश पाडणारा प्रक्षेपक. घुमटाचं कापड बाहेरून रुपेरी किंवा करडं आणि आतून पांढरं असतं. बाहेरचा उजेड आत झिरपू नये अशी त्याची वीण असते. पंखा सुरू केला की जमिनीवर पडलेला कापडाचा ढीग आधी कुशीवर वळतो, मग बेडकासारखा फुगतो आणि दहाएक मिनिटांत पाच मीटर रुंदीचा घुमट उभा राहतो. पाहणारी मुलं तिथेच खूश होतात. आकाश अजून सुरूही झालेलं नसतं.

मुलांना हा मोठा फुगा वाटतो, पण तो फुगा नव्हे. फुग्याचं तोंड बांधलं की हवा कोंडली जाते. इथे शिवणीतून, दारातून, जमिनीलगतच्या कडेतून हवा सारखी गळत असते आणि पंखा तेवढीच हवा आत ढकलत असतो. गळकी बादली चालू नळाखाली ठेवली तर पाणी वाहत राहतं, पण पातळी तीच राहते. घुमटाचं तत्त्व तेच. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे आतली हवा सतत बदलते. बसलेलं माणूस साधारण शंभर वॉटच्या दिव्याएवढी उष्णता देतं, मूल त्याहून थोडी कमी. तीस मुलं दाटीवाटीने बसली की घरातल्या गिझरएवढी उष्णता तयार होते. हवा खेळती नसती, तर पंधरा मिनिटांत तारांगणाचं न्हाणीघर झालं असतं. एप्रिलमध्ये विदर्भात तसंही ते थोडंफार होतंच.

आता हिशेब पाहा. पाच मीटरच्या घुमटाखालची जमीन सुमारे वीस चौरस मीटर, आणि कापडाचं वजन सुमारे वीस किलो. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरमागे हवेला उचलायचा आहे फक्त एक किलो. आपल्या डोक्यावरचं वातावरण मात्र प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा हजार किलोचा भार देत असतं. दाबात दहा हजारांत एका भागाची भर पडली, की घुमट तरंगतो. घुमट ताठ राहावा म्हणून प्रत्यक्षात त्याहून थोडा जास्त दाब ठेवतात. टेबलावरून खाली उडी मारली तरी हवेचा दाब जवळजवळ एवढाच बदलतो. म्हणून आत शिरताना कानात दडे बसत नाहीत.

आणि वीज गेली तर? खेड्यातल्या शाळेत हा प्रश्न पहिला येतो. घुमट धाडकन कोसळत नाही; हवा निघायला वेळ लागतो आणि कापड चादरीसारखं हळूहळू खाली येतं. कार्यक्रम करणारी मंडळी सुरुवातीलाच सांगून ठेवतात की असं झालं तर बसल्या जागी हात वर करा, आम्ही दार उघडतो. मुलांना हा बेत इतका आवडतो की वीज जावी अशी काहींची मनोमन इच्छा असते.

एक अडचण मात्र खरीच आहे. अशा घुमटाची उंची साधारण साडेदहा फूट भरते. नेहमीच्या वर्गखोलीत तो मावत नाही. सभागृह हवं, नाहीतर पावसाचा भरवसा पाहून पटांगण.

दाण्याएवढा दिवा

घुमट झाला, आता तारे. जुनी आणि आजही सगळ्यांत सुंदर पद्धत छिद्रांची. अपारदर्शक नळकांड्यावर आकाशाचा नकाशा टिंबाटिंबांनी मोकळा सोडायचा आणि मधोमध एक दिवा लावायचा. प्रत्येक टिंबातून एक किरण निघतो आणि घुमटावर एक तारा उमटतो. तेजस्वी ताऱ्याला मोठं टिंब, मंद ताऱ्याला बारीक. चाळणीत मेणबत्ती ठेवली तर छतावर ठिपके पडतात. त्याचंच हे काटेकोर रूप.

सगळी कसोटी लागते ती दिव्याच्या आकारात. घुमटावर उमटतं ते नुसतं छिद्र नव्हे, छिद्रातून पडलेली दिव्याचीच प्रतिमा. नळकांड्याची त्रिज्या वीस सेंटिमीटर आणि घुमटाची अडीच मीटर धरली, तर दिव्यातली एक मिलिमीटरची तार घुमटावर सव्वा सेंटिमीटरच्या आसपास पसरते. मध्ये बसलेल्या मुलाला तो ‘तारा’ पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीचा दिसेल! म्हणून इथे साधा बल्ब चालत नाही. दिवा लागतो तो जवळजवळ बिंदूच म्हणावा असा.

नळकांडं हाताने फिरवलं की रात्र पुढे सरकते. त्याचा आस तिरका केला की प्रेक्षक पुण्याहून श्रीनगरला किंवा कोलंबोला जातात. पंधरा मिनिटांत सांज ते पहाट. मृग जितक्या वेळा हवा तितक्या वेळा उगवतो.

घुमटावर आकाश पाडण्याच्या युक्तीला शंभर वर्षं झाली. म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमसाठी कार्ल झाइस कंपनीचे वाल्टर बाउअर्सफेल्ड यांनी पहिला आधुनिक तारांगण प्रक्षेपक बनवला आणि १९२३मध्ये जेनातल्या कारखान्याच्या गच्चीवर उभारलेल्या घुमटात तो चालवून दाखवला. त्यात भिंगं होती, साडेचार हजार तारे होते. पण आकाश एकट्या म्युनिकच्या अक्षांशाचं होतं. यंत्र देखणं आणि किंमतही तशीच, त्यामुळे ते मोठ्या शहरांपुरतं राहिलं. १९४७मध्ये अमेरिकेत आर्मंड स्पिट्झ यांनी वेगळा विचार केला. गोलावर हजारो छिद्रं पाडणं अवघड. मग गोल हवाच कशाला? बारा सपाट पंचकोनी पत्रे जोडून केलेलं डबडं, त्यात छिद्रं, आत दिवा, किंमत पाचशे डॉलर. शाळांना परवडेल असं तारांगण त्या डबड्यातून निघालं. पुण्यात टिळक रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली सुरू झालेलं आणि भारतातलं पहिलं म्हणून ओळखलं जाणारं तारांगण याच स्पिट्झ जातीचं. वरळीचं नेहरू तारांगण सुरू झालं ते १९७७मध्ये. त्याच सुमारास अमेरिकेत फिलिप सॅडलर या शिक्षकाने स्पिट्झचं पाऊल पुढे नेलं. प्रक्षेपक उचलता येतो, तर घुमट का नाही? हवेने फुगणारा त्यांचा ‘स्टारलॅब’ शाळाशाळांत हिंडू लागला. आज आपल्याकडे मोटारीच्या डिकीतून येतो तो त्याच्याच भाऊबंदांपैकी एक.

रुग्णवाहिकेवरची उलटी अक्षरं

अलीकडच्या फिरत्या तारांगणांत नळकांड्याची जागा लॅपटॉप आणि सभेत वापरतात तशा प्रोजेक्टरने घेतली आहे. पण साधा प्रोजेक्टर सपाट पडद्यावर चौकोन पाडतो. त्याला अख्खा घुमट कसा झाकता येईल? एक मार्ग म्हणजे माशाच्या डोळ्यासारखं फुगीर भिंग, जे चहूकडे प्रकाश फेकतं. ते महाग. दुसरा मार्ग ऑस्ट्रेलियातले पॉल बर्क यांनी रूढ केला आणि तो कमालीचा घरगुती आहे: घाटातल्या वळणावर किंवा दुकानाच्या कोपऱ्यात असतो तसा फुगीर आरसा घ्या, घुमटाच्या कडेला ठेवा आणि प्रोजेक्टरचा झोत त्यावर टाका. फुगीर आरसा झोत पसरवतो आणि चित्र घुमटभर होतं.

अर्थात ते वेडंवाकडंही होतं. इथे रुग्णवाहिका आठवावी. तिच्या नाकावर अक्षरं उलटी लिहिलेली असतात, कारण पुढच्या गाडीच्या आरशात ती सुलटी दिसायची असतात. संगणकही तेच करतो. आरसा आणि घुमट मिळून चित्र कसं वाकवणार याचा हिशेब तो आधीच मांडतो आणि चित्र नेमकं उलट्या बाजूने वाकवून सोडतो. दोन्ही वाकणी एकमेकांना खातात आणि सप्तर्षी सरळ दिसतात. ‘स्टेलॅरियम’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आयती आहे.

डिजिटल आकाशाची ताकद मोठी. त्यात ग्रह त्या दिवशीच्या जागी असतात, हजारो वर्षं मागे जाता येतं, पृथ्वी सोडून जाताही येतं. पण त्याचं एक उणंही आहे. सप्तर्षींच्या शेपटीतला वसिष्ठ आणि त्याला चिकटलेली अरुंधती यांच्यातलं अंतर सुमारे बारा कला आहे. साठ कलांचा एक अंश. नेहमीच्या प्रोजेक्टरच्या चित्राची उंची १०८० ठिपके. त्यात क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे एकशे ऐंशी अंश बसवले तर एका ठिपक्याच्या वाट्याला दहा कला येतात. म्हणजे वसिष्ठ आणि अरुंधती अगदी शेजारशेजारच्या ठिपक्यांवर! आरशाच्या रचनेत काही ठिपके वायाही जातात, मग दोघं एकच होऊन बसतात. लग्नात नवरा-नवरीला जी जोडी दाखवायची रीत आहे, ती हजारो रुपयांच्या प्रोजेक्टरला दिसत नाही आणि साध्या चांगल्या डोळ्यांना दिसते. शाळेतल्या मुलांना ही गोष्ट सांगितली की त्या रात्री निम्मा वर्ग अरुंधती शोधायला बाहेर पडतो.

> चौकट: पुठ्ठ्याच्या नळीतला मृग
>
> जाड काळा कागद, पुठ्ठ्याची नळी, सुई आणि मोबाइलची बॅटरी एवढं पुरे. कागदावर मृगाचे सात-आठ ठळक तारे आकाशात दिसतात तसे काढा. काक्षी आणि राजन्य या सर्वांत ठळक ताऱ्यांना जाड सुई, बाकीच्यांना बारीक. कागद नळीच्या तोंडावर ताणून बसवा, चित्र काढलेली बाजू आत, बॅटरीकडे. उलटा बसवला तर भिंतीवरचा मृग आरशातला होईल.
>
> अंधाऱ्या खोलीत मागून बॅटरी लावा आणि नळी भिंतीपासून पुढेमागे करून पाहा. अनेक छोटे दिवे असलेली बॅटरी घेतली तर एकेका छिद्रातून ताऱ्यांचे घोसच्या घोस पडतात. तेही एकदा करून बघण्यासारखं आहे, कारण ‘बिंदूएवढा दिवा’ का हवा ते त्यातून शब्दांशिवाय कळतं.

सूर्य मंदावल्यावर

आता पुन्हा त्या ७ जूनकडे. घुमटात मुलं गोल करून बसली आहेत. तारीख ७ जून, वेळ दुपारी साडेबारा. आकाश निळं, सूर्य जवळजवळ डोक्यावर. तारांगण चालवणारा संचालक विचारतो, “तारे आहेत का आत्ता?” अर्धी मुलं ‘नाही’ म्हणतात, दोन-चार हुशार मंडळी ‘आहेत, पण दिसत नाहीत’ म्हणतात. मग तो कळ दाबतो आणि वातावरण काढून टाकतो.

निळं आकाश म्हणजे हवेने चहूकडे उधळलेला सूर्यप्रकाश. हवा नसली की उधळण नाही. आकाश एकदम काळं होतं, सूर्य तिथेच राहतो, आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला रोहिणी, मृग, पलीकडे व्याध, सगळे दिवसाढवळ्या उभे! नेमक्या याच क्षणी घुमटात एक ‘हां…’ उमटतो. मग दिवस पुढे ढकलत न्यायचे. २१-२२ जूनला सूर्य आर्द्रात, मग पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा. आजोबांच्या तोंडची पावसाची नक्षत्रं म्हणजे सूर्याच्या मुक्कामांची यादी आहे हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. सूर्य पुढे सरकला की मागे राहिलेला मृग त्याच्या कचाट्यातून सुटतो आणि जुलैच्या मध्यानंतर पहाटे पूर्वेला वर येतो. रोज चार मिनिटं लवकर, महिन्याला दोन तास लवकर. डिसेंबरात तो दिवेलागणीला उगवतो.

डिजिटल घुमटात आणखी एक खेळ करता येतो. घड्याळ एकदम शेकडो वर्षं मागे नेलं तर मृग लागण्याची तारीख सरकताना दिसते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो आणि त्याच्या एका डुलण्याला सुमारे २६ हजार वर्षं लागतात. त्यामुळे ताऱ्यांच्या संदर्भातलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीस मिनिटांनी मोठं पडतं, आणि मृग साधारण सत्तर वर्षांत एक दिवस उशिरा लागू लागतो. लोकमान्य टिळकांनी १८९३मध्ये ‘ओरायन’ हे पुस्तक लिहिलं ते याच डुलण्याच्या आधारावर. वसंतातला समान दिवस-रात्रीचा सूर्य जेव्हा मृगात असे, त्या काळाच्या खुणा वेदांत आहेत, असा त्यांचा युक्तिवाद. त्यावर विद्वानांत वाद आहेत. पण टिळकांनी कागदावर मांडलेला हा हिशेब सातवीतली मुलं आता अर्ध्या मिनिटात डोक्यावरून सरकताना बघतात, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

आकाशात सगळेच मधोमध

घुमटाने शिकवलेलं सगळंच खरं नसतं, आणि चांगला संचालक ते लपवत नाही.

पहिली गोष्ट: कडेला बसलेल्या मुलाला जवळच्या भिंतीवरचा तारकासमूह ताणलेला दिसतो आणि समोरचा आक्रसलेला. आकृती बरोबर दिसते ती फक्त मध्यभागी बसलेल्याला. खऱ्या आकाशात मात्र नागपूरकर आणि पणजीकर दोघांना सप्तर्षींचा आकार हुबेहूब तोच दिसतो. तारे इतके दूर आहेत की आपण कुठेही बसलो तरी मधोमधच असतो. दोन मुलांच्या जागा अदलाबदल करायला लावल्या की हा फरक लगेच कळतो. घुमटाचा दोष शिकवायच्या कामी येतो तो असा.

दुसरी गोष्ट जास्त फसवी. घुमटावर सगळे तारे एकाच कापडावर असतात. पण आकाशातही आपल्याला तसंच वाटतं, कारण एवढ्या अंतरावर आपल्या दोन डोळ्यांना जवळ-लांब कळत नाही. तारांगणाचा भास चालतो, तो मुळात आकाशच आपल्याला घुमट असल्याचा भास देतं म्हणून. सप्तर्षींतले मधले पाच तारे आपल्यापासून साधारण ऐंशी प्रकाशवर्षांवर आहेत आणि एकत्र प्रवास करतात. दोन टोकांचे क्रतू आणि मरीची मात्र शंभरांहून अधिक प्रकाशवर्षं दूर आहेत आणि वेगळ्याच वाटेने निघाले आहेत. डिजिटल घुमटात पृथ्वी सोडून बाजूला गेलं की पाहता पाहता सप्तर्षींचा पतंग मोडतो, शेपटी तुटते. छिद्रांच्या नळकांड्याला हे कधीच जमणार नाही.

खाट आणि तीन चोर

यंत्र काय करतं ते झालं. मुलं काय करतात हा त्याहून मोठा प्रश्न आहे. अनेक फिरत्या तारांगणांत आत शिरलं की तयार चित्रपट लागतो: डायनोसॉर, उल्का, कधी आकाशातला पाळणा. मुलं किंचाळतात, टाळ्या होतात, आणि बाहेर आल्यावर एकालाही उत्तर दिशा सांगता येत नाही. एवढा खटाटोप करून आकाश आत आणायचं आणि त्याच्यावर सिनेमा दाखवायचा, हा जरा उफराटा प्रकार आहे.

कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स हॉल ऑफ सायन्सने १९७०च्या दशकापासून वेगळी वाट धरली. तिथे मुलांच्या हातात तारानकाशा आणि लाल उजेडाची छोटी बॅटरी दिली जाते आणि नक्षत्रं त्यांनीच शोधायची असतात. १९८२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मॅलन आणि ब्रूस यांनी नुसतं ऐकणारी आणि स्वतः शोधणारी अशा मुलांची तुलना केली. शोधणारी मुलं पुढे होती. संशोधक ज्युलिया प्लमर यांनी पहिली-दुसरीतल्या मुलांना सूर्याची आणि ताऱ्यांची वाट हाताने हवेत काढायला लावली, उगवतीपासून मावळतीपर्यंत हात फिरवत, आणि त्या वयाची मुलंही ही गती समजून घेतात असं त्यांना आढळलं.

लाल बॅटरी का? अंधारात पाहणाऱ्या डोळ्यांतल्या पेशींना पूर्ण जागं व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने त्या पुन्हा आंधळ्या होतात. लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही. म्हणूनच घुमटात पहिली पाच-सात मिनिटं गप्पांत घालवायची असतात. ‘काहीच दिसत नाही’ म्हणणारी मुलं मग आपोआप ‘आता जास्त तारे आले’ म्हणू लागतात. तारे वाढलेले नसतात, डोळे उघडलेले असतात.

तारानकाशा हातात आला की आणखी एक कोडं पडतं: यात पूर्व डावीकडे कशी? छापणाऱ्याची चूक? नकाशा जमिनीवर ठेवून पाहिलं तर चूकच. उताणं पडून तो डोक्यावर धरला, उत्तर उत्तरेला जुळवली, की पूर्व पूर्वेला जाते. जमिनीचा नकाशा वरून खाली बघायचा असतो, आकाशाचा खालून वर. घुमटात सगळी आधीच आडवी पडलेली असल्याने हे सांगावंही लागत नाही.

आणि आकृत्या? जगाने ८८ तारकासमूहांची यादी ठरवली आहे, पण ती सोयीसाठी. मुलांना आधी कोरं आकाश दाखवावं आणि त्यांनाच रेघा जोडू द्याव्यात. मग त्यात क्रिकेटची बॅट निघते, कुकर निघतो, एकदम पोकेमॉनही निघतो. आपल्याच मातीत याची उदाहरणं आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड वस्त्यांमधून आकाशाच्या कथा गोळा करून २०१३मध्ये प्रसिद्ध केल्या. तिथे सप्तर्षींचे चार तारे म्हणजे खाट आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे ती पळवणारे चोर. मृगातल्या ताऱ्यांत त्यांना नांगर दिसतो. ज्या वर्गात हे आकाश माहीत असलेलं मूल बसलेलं असतं, तिथे संचालकाने थोडा वेळ गप्प बसून त्याच्याकडे सूत्रं द्यायला हरकत नाही.

दोन मुठींवर ध्रुव

महाराष्ट्रातल्या शाळांपुढे एक विचित्र अडचण असते. शाळा जूनमध्ये उघडते आणि खरं आकाश साधारण ऑक्टोबरात. पहिलं सत्र ढगांत जातं. फिरतं तारांगण सगळ्यांत उपयोगी पडतं ते या चार महिन्यांत; थंडीत त्यापेक्षा मुलांना घेऊन मैदानात जाणं बरं. मुंबईकर खगोलप्रेमी अशा रात्रींसाठी वर्षानुवर्षं वांगणीला जात आले आहेत, पुण्यात १९४४पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आकाशदर्शन घडवते आहे, आणि २०२४मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला अंधाऱ्या आकाशाचं उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

घुमटातून मैदानात नेता येतं असं एक माप मात्र आतच शिकवून ठेवावं. हात ताठ करून मूठ धरली की तिची रुंदी आकाशावर सुमारे दहा अंश भरते. लहान मुलाची मूठ लहान, तसा हातही आखूड, त्यामुळे हिशेब जुळतो. ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर, तितका आपला अक्षांश. म्हणजे पुण्यात दोन मुठींना किंचित कमी, नागपुरात दोन मुठींहून जरा वर, पणजीत दीड मूठ. लंडनमध्ये राहणाऱ्या मावसभावाला पाच मुठी मोजाव्या लागतील. मेलबर्नच्या आत्याला ध्रुव कधीच दिसणार नाही. बरीच मुलं सगळ्यांत ठळक तारा ध्रुव समजून भलतीकडे बघतात. तेजाच्या यादीत तो पहिल्या चाळिसातही नाही. सप्तर्षींतल्या पुलह आणि क्रतू यांना जोडणारी रेघ पुढे नेली, की तो एकटा, मध्यम तेजाचा सापडतो.

अंगणात उभ्या राहिलेल्या त्या मुलीला मृग भेटायला मात्र थंडीची वाट पाहावी लागते. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. जूनमध्ये सूर्य मृगात होता, तर सहा महिन्यांनी सूर्य पलीकडे गेलेला असतो आणि पौर्णिमेचा चंद्र मृगाच्या आसपास येतो. त्या महिन्याचं नाव मृगशीर्षावरूनच पडलं आहे: मार्गशीर्ष. दत्तजयंतीच्या संध्याकाळी पूर्वेला पूर्ण चंद्र वर येतो आणि पुढेमागे, तासा-दोन तासांच्या अंतराने, जूनमध्ये हरवलेले ते चार पाय आणि मधला बाण क्षितिजावर निघतात. चंद्राच्या उजेडातही दिसतील इतके ते ठळक असतात. आरती चालू असते, प्रसाद यायचा असतो, आणि मुलगी आजोबांची बाही ओढत त्यांना देवळाच्या पायऱ्यांवरून पूर्वेकडे वळवत असते.